खंडेनवमीची पाच बोटं

नवऱ्यानं घरी गिटार बनवायला घेतलीय, हे मी पहिले सहा महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? चौपन्न वर्षांचा माणूस. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं उसाच्या रसातली साखर मोजतोय. सांगवीत सगळे 'नारायणराव केमिस्ट' म्हणून मान देतात. असा माणूस सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत अंगभर भुसा माखून बसतो, हे काय मोठ्या तोंडानं सांगायचं? बरं, ती साधी गिटारही नाही. बेस गिटार. तारा चारच, पण त्या कासऱ्याएवढ्या जाड, आणि आवाज कानाला कमी, छातीलाच जास्त कळणारा. मी एकदा विचारलंसुद्धा, जे धड ऐकू येत नाही ते वाजवायचं कशाला? हे हसले आणि पॉलिश पेपर घासत राहिले.

आमचे हे असेच. बोलणं मोजून मापून, जणू प्रत्येक शब्दाचं रजिस्टरात रीडिंग लिहायचंय. चहा गोड झाला तर लॅबातल्या साखरेच्या मापात 'वीस ब्रिक्स' म्हणतात आणि पितात. भाजी खारट झाली तर तेही म्हणत नाहीत. माझं याच्या बरोबर उलटं. मनात आलं की तोंडात, आणि तोंडात आलं की गल्लीत. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, मनिषाच्या जिभेला हाड नाही पण पोटात पाप नाही. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याचं पुढं सांगते.

यांना ओरडता आलं असतं तर माझं निम्मं आयुष्य सोपं झालं असतं. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काय साचलंय ते कुणी बघावं?

तर गिटार. बारामतीच्या वखारीतून शिवणीच्या दोन फळ्या आणल्या. लाकूड हलकं, रंग फिक्कट. त्या मधोमध डिंकानं चिकटवून, शिकंज्यात आवळून एक जाड पाट केला आणि तो कापून गिटारीचं धड काढलं. दांडा वेगळा, तो नंतर बसवायचा. मी त्या धडाला 'परात' म्हणायचे. "परातीला आज आंघोळ घातली का?" असं विचारलं की हे गंभीरपणे सांगायचे, आज एकशेवीसचा कागद झाला, उद्या दोनशेवीसचा. महिपती मिस्त्री म्हणून बारामतीत दारं नि देवघरं पॉलिश करणारा एक माणूस आहे, तो यांचा गुरू. रविवारी त्याच्याकडं जाऊन हे शिकून यायचे. त्याचं म्हणणं, रंग काय कुणीही देईल, खरं काम घासण्याचं. मग हे घासत बसायचे. दोन-दोन तास. मला तेवढ्या वेळात चार ब्लाऊज शिवून होतात.

रंगसुद्धा विकतचा नाही. विड्याचा कात उकळून त्याचं पाणी केलं, गाळलं, लॅबसारख्या तीन बाटल्यांत भरलं आणि वर चिठ्ठ्या लावल्या. एक नंबर पातळ, दोन मध्यम, तीन दाट. वहीत लिहिलेलं: मधे एक हात, कडेला पाच हात, दर हाताला आठ तास वाळवणे. नऊ दिवस हेच चाललं होतं. मी तोंडानं कबूल केलं नाही, पण नवव्या दिवशी ते धड जे दिसत होतं त्यानं माझी बोलती बंद झाली होती. मधे पातळ चहाचा रंग, आणि कडेकडेला जाताना तो गडद होत होत पार काळपट तपकिरी. मधला फिका भाग कुठं संपतो आणि गडद कुठं सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

आता त्यावर आधी सीलर मारायचा, म्हणजे लाकडाची तोंडं बंद होतात, मग चकाकी आणणाऱ्या लॅकरचे सहा हात. आठ-नऊ दिवसांचं काम, आणि ते कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत व्हायला हवं. बॉयलर पेटला की सांगवीवर चोवीस तास काजळी उडते. ओल्या लॅकरवर ती बसली की संपलंच. शिवाय हंगाम सुरू झाला की यांना पाच महिने मान वर करायला सवड नसते. बॉयलरला अकरा दिवस राहिले होते. हे मला एकदाच म्हणाले होते, "हंगामाआधी झालं तर झालं. न्हायतर ते व्हायचं न्हाय."

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी आठला हे मोटरसायकलवर डाळजला निघाले, रामहरीकडं. रामहरी यांचा जुना मित्र, पूर्वी ऑर्केस्ट्रा चालवायचा. त्याच्याकडं जुन्या गिटारीच्या तारा पिळायच्या चाव्या नि तारांचा कंप पकडणारा पिकअप पडून होता, तो आणायचा होता. निघताना म्हणाले, मागच्या खोलीत धड वाळत ठेवलंय, सीलर मारलेला नाही, पाण्याचा थेंब उडू देऊ नको. मी पुरणाची डाळ चढवत होते. हं म्हटलं.

आमच्याकडं खंडेनवमीलाच हत्यारं पुजतात. मी चौरंग मांडला. कोयता, खुरपं, विळी, यांचे पाने-पक्कड, माझी कात्री, शिलाई मशीन होतं तिथंच. झेंडूची फुलं ठेवली. आणि चौरंगावर एक जागा रिकामी दिसली. मला काय वाटलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मला वाटलं, आज गंजक्या पान्यालासुद्धा फूल मिळतंय, आणि या माणसाच्या स्वतःच्या हातचं एवढं काम मागं अंधारात का राहावं? वर्षभर मी त्याला परात म्हणत आले. एक दिवस तरी त्याला हात जोडावेत. मी मागच्या खोलीत गेले, दोन्ही हातांनी ते धड उचलून आणलं आणि चौरंगावर ठेवलं. हळद पाण्यात कालवलेली होतीच. बरोबर मधोमध, त्या फिक्या भागावर, पाच बोटं ओढली. वर कुंकू लावलं. फूल ठेवलं. नमस्कार केला, आणि मनापासून केला.

थेंब उडू देऊ नको म्हणाले होते. हळदीत पाणी असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हळद म्हणजे हळद. तिला पाणी कोण म्हणतं?

दहा-पंधरा मिनिटांनी फूल सरकलं म्हणून नीट ठेवायला गेले तर पाच बोटांच्या पाच पट्ट्या झाल्या होत्या. हळद लाकडाच्या रेषांतून खाली-वर पळाली होती. मी पदरानं पुसली. वरची निघाली, आतली तशीच. ओल्या फडक्यानं पुसली, तर कुंकूही पसरलं. मग माझ्या हातून जे झालं ते आठवलं की आजही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. मी भांड्याचा साबण लावला. हळदीला साबण लावला की ती लालभडक होते हे शेंबड्या पोरीलासुद्धा ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण हात डोक्याच्या पुढं धावत होते. पिवळ्या पट्ट्या डोळ्यांदेखत लाल झाल्या. बकरं कापल्यासारखा चौरंग दिसायला लागला.

मी घड्याळात बघितलं. साडेनऊ वाजले होते. हे संध्याकाळी पाच-साडेपाचला येणार होते.

कुणी म्हणेल, एवढं काय घाबरायचं? चूक झाली, सांगून टाकायची. दुसरी कुणी बायको असती तर तिनं सांगितलीच असती. मला सांगता येत नव्हतं, त्याचं कारण बावीस वर्षांपूर्वीचं आहे.

यांच्याकडं तेव्हा एक बेस गिटार होती. जुनी, विकत घेतलेली. रामहरीच्या ऑर्केस्ट्रात हे ती वाजवायचे, लग्नं, जत्रा, इंदापूर, भिगवण, कुठं कुठं. आमची ओवी दोन वर्षांची होती. हे शनिवारी गेले की सोमवारी पहाटे यायचे आणि तसेच ड्यूटीवर जायचे. माझं माहेर कऱ्हाटी. तिथं माझ्या आईला एका बाईनं चारचौघींत विचारलं, जावई नाचगाण्याच्या पार्टीत असतो म्हणे? आई ते मला सांगून रडली. मग दिवाळीची साफसफाई आली. दारात भंगारवाला आला. मी रद्दी दिली, फुटका पंखा दिला, आणि त्याबरोबर ती गिटारही दिली. संध्याकाळी यांना म्हटलं, चुकून गेली हो, रद्दीच्या ढिगात होती, माझ्या ध्यानातच आलं नाही.

चुकून गेली नव्हती. मी दिली होती.

हे म्हणाले, गेली तर गेली. त्यानंतर ऑर्केस्ट्राला गेले नाहीत. रामहरी दोनदा बोलवायला आला, मग यायचा बंद झाला. मला हवं होतं ते झालं, आणि झाल्या दिवसापासून ते मला टोचत राहिलं. एकवीस वर्षं या घरात गिटार हा शब्द कुणी काढला नाही. गेल्या वर्षी हे एकदम शिवणीच्या फळ्या घेऊन आले तेव्हा मी पटकन थट्टा सुरू केली, कारण थट्टा केली नसती तर दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं.

म्हणजे बघा. तेव्हा मी मुद्दाम केलं आणि चुकून झालं म्हणाले. आज खरंच चुकून झालं होतं. आता कुठल्या तोंडानं चुकून म्हणणार होते? वर्षभर परात परात करणारी बाई, यांनी बजावून सांगितलेलं, आणि बरोबर मधोमध पाच बोटं. कुणीही म्हणेल, हिनं पुन्हा केलं. मला गिटारीचं जेवढं दुःख होत होतं त्याहून जास्त भीती याची होती, की हे तसं मानतील आणि काहीच बोलणार नाहीत.

मी महिपती मिस्त्रीला फोन लावला. तो साइटवर होता, मागं मशीनचा आवाज. साबण लावला म्हटल्यावर त्यानं आधी ती मशीन बंद करायला लावली. मग म्हणाला, "वैनी, आता पाण्याचा हात लावू नगा. लिंबू कापा आन् हलक्या हातानं टिपा. लाल जाईल, पिवळं ऱ्हाईल. पिवळं उन्हात जातं. ऊन खातं हळदीला."

हेही मला ठाऊक होतं. पिवळ्या डागांचा कपडा आपण उन्हातच टाकतो. पण लाकूड म्हणजे कपडा नव्हे, हे तोच पुढं म्हणाला. दोन फळ्यांचा जोड आहे, ऑक्टोबरचं ऊन आहे, तापलं तर जोड उघडेल. गोधडीवर ठेवायचं, स्लॅबवर नाही. दहा मिनिटं ही बाजू, दहा मिनिटं ती, आणि हात लावून बघायचं, चटका लागला की लगेच सावलीत. कुंकवाचा रंग मात्र उन्हानं जायचा नाही. त्याला स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून, पिळून, टिपत राहायचं आणि मग चारशेचा कागद एकदाच फिरवायचा. फोन ठेवताना म्हणाला, नीट केलंत तर नारायणरावांना कळायचंसुद्धा नाही.

लिंबू लावल्यावर लाल पट्ट्या परत पिवळ्या झाल्या. जन्मात पहिल्यांदा हळदीचा पिवळा डाग बघून मला बरं वाटलं.

दहा वाजता मी गच्चीवर होते. गोधडी घातली, धड ठेवलं, शेजारी बसले. डोक्यावर पदर, हातात मोबाईल, त्यात दहा मिनिटांचा गजर. गजर झाला की उलटायचं. तळहात टेकवायचा. खाली गॅसवर डाळ होती, ती बंद करायला एकदा पळत गेले आणि पळत आले. पुरण त्या दिवशी झालंच नाही. अकरा वाजता बघितलं तर पट्ट्या होत्या तशाच. साडेअकराला मला वाटलं जरा फिक्या झाल्या, पण आपल्याला हवं ते डोळ्यांना दिसतं, म्हणून मोबाईलवर फोटो काढला. बाराला दुसरा काढला आणि दोन्ही शेजारी लावून बघितले. खरंच कमी झाल्या होत्या. मी गच्चीवर एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर नाचले असते.

मधल्या वेळात सावलीत बसून कुंकवाचं काम केलं. स्पिरिटचा बोळा टेकवायचा, उचलायचा. घासायचा मोह व्हायचा, पण घासलं की पसरतं. प्रत्येक वेळी कापूस गुलाबी निघायचा. एकोणीस बोळे झाले. विसावा पांढरा निघाला. तिथला कातही थोडा निघून आला आणि रुपयाएवढा फिका डाग पडला. मग यांची वही उघडली, एक नंबरची बाटली काढली, बोटाला फडकं गुंडाळून एकच हात दिला, कडा फुंकरीनं वाळवल्या. यांच्या वहीतलं अक्षर किती नीट होतं. तारीख, वेळ, हवेतली आर्द्रतासुद्धा. एवढ्या निगुतीनं केलेल्या कामावर मी पाच बोटं ओढली होती. मला रडू आलं, पण लाकडावर थेंब नको म्हणून तोंड फिरवून रडले.

दीड वाजता पट्ट्या तिरक्या नजरेनंच दिसत होत्या. आणखी तासाभराचं ऊन, की झालं.

तेवढ्यात खालून हाक आली. शेजारच्या रंगूबाई. नवरात्रातली नवमी, हळदी-कुंकवाला आल्या होत्या. सवाष्ण दारात आलीय म्हटल्यावर तिला परत पाठवता येत नाही. मी धड उलटं केलं, गजर लावला आणि खाली गेले. दोन मिनिटांत कुंकू लावून पाठवू म्हटलं. रंगूबाई सोफ्यावर बसल्या आणि त्यांनी गुडघा काढला. गुडघ्याचा एक्स-रे, गुडघ्याचा डॉक्टर, गुडघ्याला सुनेनं लावलेलं तेल. माझ्या कमरेला मोबाईल वाजला. बंद केला. त्या म्हणाल्या, कुणाचा फोन? मी म्हटलं, कंपनीचा. चहा नको म्हणाल्या, मग म्हणाल्या अर्धा कप चालेल. मी चहा टाकला, कपात ओतला, त्यांनी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. ओटी भरली, नमस्कार केला, दारापर्यंत पोचवल्या. दारात उभ्या राहून त्यांनी दुसरा गुडघा काढला.

मी जिना चढत होते तेव्हा वरून आवाज आला. टक्. एकदाच.

धड इतकं तापलं होतं की पदरात धरून उचलावं लागलं. हळद गेली होती. पार गेली होती, शोधूनही सापडू नये अशी. आणि खालच्या बाजूला, जिथं दोन फळ्यांचा जोड होता तिथं, चार बोटं लांब फट पडली होती. पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी.

मागच्या खोलीत सावलीत नेलं. वर फडकं झाकलं. तासानं बघितलं तर फट थोडी मिटली होती, पण होती. मिस्त्रीला फोन केला नाही. आता तो काय सांगणार? मी गोधडी घडी करून ठेवली, कापसाचे बोळे पिशवीत बांधून बाहेर टाकले, स्पिरिटची बाटली जागेवर, वही जागेवर. हे सगळं आवरताना माझ्या ध्यानात आलं, की आता कुठंच काही पुरावा नाही. हळद नाही, कुंकू नाही. राहिली ती फट. आणि फट काय, लाकूड आहे, हवा कोरडी आहे, पडते. मला कुणी विचारणारसुद्धा नव्हतं. सकाळपासून ज्याची भीती होती ते टळलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

साडेपाचला मोटरसायकलचा आवाज आला. हे हसत आले. कापडी पिशवीतून पिकअप काढून मला दाखवला, चाव्या दाखवल्या. रामहरी चार तास बोलत होता म्हणाले. आपण एका दमात एवढी वाक्यं बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं असावं. मग मागच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले.

त्यांनी फडकं काढलं, धड उचललं, ट्यूबखाली तिरकं धरलं. मधला भाग बघितला. "रंग बरा बसलाय," म्हणाले. मी श्वास सोडला. मग त्यांचा अंगठा कडेवरून फिरत फिरत खाली आला आणि थांबला. परत मागं गेला. परत तिथं आला.

ते स्टुलावर बसले. धड मांडीवर. फटीत नख घालून बघितलं. मग वही ओढली, पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"शिकंजे एक दिवस आधी काढले म्या. घाई केली." वही मिटली. "माझंच चुकलं. आता जोड बुजवायचा, परत घासायचं, परत रंग. हंगाम काय थांबतोय व्हय. टाक माळ्यावर."

आवाजात राग नव्हता. तसाच सपाट आवाज. आणि मला कळलं, की मी गप्प राहिले तर हा माणूस उरलेला जन्म असंच मानेल, की आपल्याला जमलं नाही. गप्प राहिले असते तर मी सुटले असते. मी दोन पावलं आत आले.

"तुमचं न्हाय चुकलं," मी म्हटलं. "मी उन्हात ठेवली हुती."

मग सगळं सांगितलं. चौरंगावरची रिकामी जागा, पाच बोटं, साबण, लिंबू, बोळे, रंगूबाईंचे दोन्ही गुडघे. मधेच थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं म्हणून थांबलेच नाही. शेवटी म्हटलं, "मुद्दाम न्हाय केलं. चुकून झालं." आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मला वाटलं, आता संपलं.

यांनी विचारलं, कुठं लावली होती हळद? मी बोटानं दाखवलं. त्यांनी धड डोळ्यांजवळ नेलं, तिरकं केलं, फिरवलं. काही दिसलं नसावं. खाली ठेवलं.

"आज खरं बोललीस," ते म्हणाले. "तवा न्हवतीस बोलली."

तवा म्हणजे कधी, हे विचारायची गरज नव्हती.

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता, अंगठ्यानं ती फट चाचपत. गिटार गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी हे बारामतीत त्या भंगारवाल्याच्या गोडाऊनला गेले होते. माल रात्रीच ट्रकमध्ये गेला होता. भंगारवाला म्हणाला, साहेब, वहिनींनी स्वतः शिडी लावून माळ्यावरून काढून दिली. फडक्यानं पुसून दिली.

पुसून दिली होती. मलाही आठवलं. धुळीचा हात नको लागायला म्हणून पुसली होती.

बावीस वर्षं यांना ठाऊक होतं. माझ्या हातचं जेवले, ओवीच्या शाळेत माझ्याबरोबर बसले, माझ्या आईच्या आजारपणात कऱ्हाटीला महिनाभर जा-ये केली, आणि ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हटलं. "मुद्दाम दिली हुती."

यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नुसतं 'नका वाजवू' म्हणली असतीस, तरी मी सोडलं असतं, मनिषा. गिटार तर ऱ्हायली असती घरात."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला वाटत होतं, मी यांच्यापासून एक वस्तू काढून घेतली आणि खोटं बोलले. ती खोटं बोलण्याची गरजच नव्हती, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी तोंडात येईल ते गल्लीभर बोलणारी बाई, आणि एवढं एक वाक्य मला नवऱ्याला म्हणता आलं नव्हतं. मी रडले. या वेळी तोंड फिरवलं नाही.

मी डोळे पुसल्यावर त्यांनी धड उचलून माझ्यासमोर धरलं.

"मंग आता सांग. ही वाजवू का नको? नको आसंल तर आत्ताच म्हण."

खरं सांगायचं तर मला तो घुमणारा आवाज आजही आवडत नाही. तेही सांगितलं. आणि म्हटलं, पण वाजवा. हे हसले, तेही थोडंच, आणि म्हणाले, ऱ्हायलेलं हंगामानंतर बघू. उठून खुंटीवरचे दोन शिकंजे काढले, डिंकाची बाटली घेतली, वहीचा कोरा कागद फाडून त्याच्या कडेनं फटीत डिंक सारला. एक बाजू स्वतः धरली आणि दुसरी मला धरायला सांगितली. किती वेळ धरू, असं मी विचारलं. म्हणाले, मी आवळून होईपर्यंत, आणि कुठं हळद लागलेली नाही ना, आधी हात दाखव.